न हललेली देवी

भुताखेतांचे सिनेमे मला झेपत नाहीत, हे आमच्या घरी सर्वांना ठाऊक आहे. तरीही गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी दोन दिवस मुलाने मला संगणकासमोर बसवलेच. ‘पपा, भिऊ नका, यात आवाजच नाही,’ असे आश्वासनही दिले.

चित्रपट जर्मन, १९२० सालचा. नाव ‘डेर गोलेम’. पॉल वेगेनर या नटाने कार्ल बोझे याच्यासोबत तो दिग्दर्शित केला आणि गोलेमची भूमिका स्वतःच केली. गोष्ट जुन्या प्राग शहरातली. ज्यूंनी शहर सोडून जावे असा बादशहाचा हुकूम निघतो. आपल्या लोकांना वाचवण्यासाठी त्यांचा धर्मगुरू मातीचा एक प्रचंड पुतळा घडवतो, तंत्रमंत्राने एक गूढ शब्द मिळवतो आणि तो पुतळ्याच्या छातीवरच्या चांदणीत ठेवतो. पुतळा डोळे उघडतो. आधी पाणी भरतो, लाकडे फोडतो, बादशहाचा जीवही वाचवतो, आणि मग कुणाच्या ताब्यात राहत नाही. शेवटी एक लहान पोर न घाबरता त्याच्यापुढे सफरचंद धरते, तो तिला उचलून घेतो, आणि ती खेळता खेळता त्याच्या छातीवरची चांदणी काढून घेते. पुतळा पुन्हा माती होतो.

सिनेमा संपल्यावर मुलाने विचारले, ‘कसा वाटला?’ मी खरे ते सांगितले. भीती वाटली नाही. दोनच दिवसांनी आमच्या घरी मातीची मूर्ती येणार होती. भटजी तिची प्राणप्रतिष्ठा करणार, आम्ही तिला जेवूखाऊ घालणार आणि दीड दिवसाने उत्तरपूजा करून पाण्यात पोचवणार. मातीत जीव आणणे आणि तो नीट काढून घेणे, हे आपल्याकडे घराघरांत चालते. मातीची मूर्ती जागी झाली म्हणून गोंयकाराने का भ्यावे?

असे म्हणालो खरा, पण रात्री झोप लागेना. कारण मूर्ती जिवंत झालेली मी लहानपणी एकदा पाहिली होती, आणि तेव्हा घाबरून माजघरात पळालो होतो.

माझे आजोळ निपाणीजवळच्या एका खेड्यात. निपाणी म्हणजे तंबाखूचे गाव. पुणे-बंगळूर रस्त्यावर कोल्हापूरहून ४० किलोमीटरच्या आसपास आणि बेळगावहून पाऊणशेच्या आत. मे महिन्यात आम्ही पणजीहून बेळगावला, तिथून दुसरी बस पकडून निपाणीला आणि तिथून बैलगाडीने आजोळी जात असू. त्या घराच्या अंगणाला पुरुषभर उंचीची दगडी भिंत होती. एका दुपारी चौंडक्याचा आवाज आला आणि भिंतीच्या वरच्या कडेने एक पितळी चेहरा सरकत जाताना दिसला. मोठे डोळे, कपाळभर हळदीचा भंडारा, मोरपिसे. खाली अंग नाही, पाय नाहीत, नुसता चेहरा, आणि तो चालत होता. मी किंचाळलो. मग फाटकातून ती बाई आत आली. डोक्यावर जग, म्हणजे टोपलीत बसवलेला देवीचा मुखवटा, हातात परडी, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. यल्लम्माची जोगतीण होती. आजीने तिला पीठ-मीठ वाढले, पायावर पाणी घातले. मी माजघरातून पाहत होतो. देवी चालते ती कुणाच्या तरी डोक्यावर बसून, हे तेव्हा कळायचे वय नव्हते.

त्या रात्री आजोबांनी माझी भीती घालवायला एका सिनेमाची गोष्ट सांगितली, ‘अमृतमंथन’ची.

आजोबा शिक्षणासाठी काही वर्षे कोल्हापुरात होते. कोल्हापुरात त्या काळी सिनेमाचे वेड किती असेल याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो. ‘गोलेम’ बर्लिनला पडद्यावर आला त्याच १९२० साली बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षकांतल्या काही बायका बेशुद्ध पडल्या आणि तो प्रसंग पुढे कापावा लागला. भय कसे दाखवावे हे शिकायला आपली माणसे जर्मनीला गेली नव्हती. ती आधी कोल्हापूरच्याच शाळेत शिकली. शांताराम वणकुद्रे त्याच कंपनीत उमेदवारी करत होते. १ जून १९२९ रोजी त्यांनी दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. त्याच सुमारास शांताराम आपल्या नव्या ‘सैरंध्री’चे रंगीत काम करून घ्यायला जर्मनीत होते. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण तिथले स्टुडिओ, तिथली प्रकाशयोजना पाहून ते परतले. पुण्याच्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट म्हणजे १९३४ चा ‘अमृतमंथन’. कथा नारायण हरी आपटे यांची, छायालेखन केशवराव धायबर यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला.

आजोबांनी पाहिला तो मराठी. त्यात राजगुरूचे काम केशवराव दाते यांनी केले होते. आजोबा त्यांची नक्कल करायचे. कंदील हनुवटीखाली धरायचा, मान जराशी खाली आणि नजर वर.

मी पाहिला तो हिंदी, तोही मुलाने ‘गोलेम’ दाखवल्यानंतरच्या आठवड्यात. त्यात राजगुरू आहे चंद्रमोहन, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. सुरुवातीलाच अंधारे देवालय. चंडिकेची भव्य मूर्ती. तिच्या पायाशी मशालींच्या उजेडात जमलेली माणसे. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा याने देवीपुढचा बळी बंद केला आहे, नरबळीही आणि पशुबळीही. राजगुरू सांगतो, देवी कोपली आहे, तिला राजाचेच रक्त हवे. ते काम यशोधर्मावर येऊन पडते. हे चालू असताना टेलिफोटो भिंगातून टिपलेला राजगुरूचा एक डोळा हळूहळू पडदा व्यापून टाकतो. नव्वद वर्षांपूर्वीचे ते चित्र आहे, पट्टीवर ओरखडे आहेत, आवाज खरखरतो. तरीही त्या डोळ्याने मी खुर्चीत मागे सरकलो.

पुढची सगळी कथा सांगत नाही. राजाचा खून होतो. खून करवणारा नामानिराळा राहतो आणि शिक्षा यशोधर्माच्या वाट्याला येते. त्याची मुले, म्हणजे सुरेशबाबू माने आणि शांता आपटे, रानोमाळ होतात. राजकन्या मोहिनी राणी होते खरी, पण सत्ता राजगुरूचीच. शेवटी त्याचे कपट उघडे पडते आणि तो स्वतःचेच मस्तक देवीपुढे वाहतो. नावाप्रमाणे मंथनातून आधी हलाहल निघते, अमृत नंतर. मुंबईत चित्रपट २५ आठवड्यांहून जास्त चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद केली जाते.

आजोबांनी मला जे सांगितले ते मात्र कथानकाविषयी नव्हते. ते म्हणाले, ‘मी सगळा खेळ देवीकडं बघत बसलो. आता डोळं उघडंल, आता जीभ हालंल. शेवटपर्यंत काय हालली न्हाई बघ. सगळं त्यो म्हाताराच बोलतो.’

मी सरकारी कारकून आहे. आजोबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला कचेरीत उमगला. आमच्याकडे फाईलवर लिहायची एक पद्धत आहे. ‘आदेश देण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’, ‘मान्यता देण्यात आली आहे’. कोण देतो, कोण कळवतो, याचा वाक्यात पत्ता नसतो. कुणी भांडायला आलेच तर सांगायचे, ‘वरून आदेश आहे.’ वर पाहावे तर पंखा फिरत असतो. राजगुरूची भाषा हीच आहे. तो कधीही ‘मला हवे’ म्हणत नाही. देवीला हवे असते. ‘गोलेम’मध्ये पुतळा जिवंत होतो म्हणून माणसे मरतात. ‘अमृतमंथन’मध्ये पुतळा शेवटपर्यंत दगडच राहतो आणि तरी माणसे मरतात. दुसरे भय मला जास्त मोठे वाटते, कारण त्याची चांदणी कुणाच्या छातीवर आहे ते दिसत नाही. मग ती काढणार कशी?

आता १९३४ या सालाकडे परत येतो, कारण त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलगी देवाला वाहणे बेकायदा ठरले, आणि देवदासीने लग्न केले तर ते कायदेशीर मानावे असेही ठरले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे बळी थांबवणारा राजा पडद्यावर आला त्याच वर्षी, मुली देवीला सोडणे थांबवणारा कायदा सौंदत्तीच्या डोंगरापर्यंत कागदोपत्री पोचला होता.

सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे रेणुका. तिची कथा गोव्याच्या माणसाने मुद्दाम आठवावी. रेणुका रोज मलप्रभेच्या वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करून तो डोक्यावर घ्यायची आणि जमदग्नीला पाणी आणायची. एक दिवस तिचे मन क्षणभर विचलित झाले आणि घडा बनेना. नवऱ्याने शाप दिला, मुलाला आज्ञा केली, मुलाने आईचे मस्तक उडवले. मग बापाने वर माग म्हटल्यावर त्याच मुलाने आईला पुन्हा जिवंत करून घेतले. तो मुलगा म्हणजे परशुराम. आपली भूमी बाण मारून समुद्रातून काढणारा म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, ज्याचे देऊळ काणकोणात पैंगीणला आहे, तोच. आपण त्याच्या बाणाची गोष्ट पोरांना सांगतो, कुऱ्हाडीची सांगत नाही. घाटाच्या वर मात्र ती कुऱ्हाडीचीच गोष्ट आहे. शाप मिळालेली, तोडलेली आणि परत उठवलेली बाई तिथे देवी होऊन बसली आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेला तिचे वैधव्य पाळतात, जोगतिणी बांगड्या फोडतात. माघी पौर्णिमेला ती पुन्हा सवाष्ण होते.

अशा देवीने कुणा मुलीला हाक मारली हे कसे ओळखायचे? केसांत जट आली की ओळखायचे. न विंचरलेले, घामाने-धुळीने चिकटलेले केस गुंतत जातात आणि त्यांची दोरी होते, एवढेच ते असते. पण ‘देवी आली’ म्हणायला गावात कुणीतरी असतोच.

आणि १९६७ सालच्या आसपास ती आमच्या घरात आली. माझी धाकटी मावशी तेव्हा दहा वर्षांची होती. उन्हाळ्यात तापाने महिनाभर अंथरुणावर होती आणि उठली ती मानेवर बोटाएवढी जट घेऊन. आजोळ तेव्हा म्हैसूर राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून तिकडे जोडला होता. कायदा मात्र होता तसा होता, फक्त आमच्या गावात तो कुणी वाचला नव्हता. गावातल्या पुजाऱ्याने सांगितले, ‘देवीनं बोलावलंय पोरीला.’ विंचरायचे नाही, कापायचे नाही, कापली तर घरावर कोप होईल.

इथे मला वाटले होते की आजोबा पुढे सरसावले असतील. ‘अमृतमंथन’ पाहिलेला माणूस, राजगुरूची नक्कल करणारा. आईकडून खरे ऐकले ते वेगळे आहे. आजोबा गप्प बसले. मग म्हणाले, ‘पुनवंला सौंदत्तीला जाऊ, कौल घेऊ.’ सिनेमातला राजगुरू त्यांनी ओळखला होता. पण गावातल्या पुजाऱ्याला चंद्रमोहनसारखे डोळे नव्हते. तो चांगला माणूस होता, पाहुण्यांच्या लग्नात वाढायला उभा राहायचा. त्याला कसे ओळखणार?

जट कापली ती आजीने. तिने जन्मात एकही सिनेमा पाहिला नव्हता. गावाबाहेर धनगरांचा वाडा उतरला होता, त्यांच्याकडून मेंढरे कातरायची कातर तिने मागून आणली. देव्हाऱ्यापुढे मावशीला बसवले आणि म्हणाली, ‘देवीला पोर पायजे असती तर मला सांगितलं असतं. मी रोज दिवा लावतो तिच्याम्होरं. तिला काय माझं घर ठावं न्हाई?’ (तिकडच्या बायका ‘लावतो’, ‘येतो’ असेच म्हणतात.) एका झटक्यात जट खाली आली. मग मात्र आजी रात्रभर मावशीच्या उशाशी बसून होती आणि पहाटेपर्यंत तिचे हात कापत होते, असे आई सांगते. तिला भीती वाटत नव्हती असे नाही. भीत भीतच तिने ते केले.

चार महिन्यांनी गोठ्यातले रेडकू मेले. गावाने जे म्हणायचे ते म्हटले. आजी म्हणाली, घटसर्पाने मेले, शेजारच्या गोठ्यातली दोन मेली ती कुणाची जट कापून? मावशीचे पुढे लग्न झाले, मुले झाली. आज ती सत्तरीला टेकली आहे आणि अंबाडा घालते.

गोष्ट इथे संपवली असती तर आमच्या घराला शोभली असती. पण त्याच उन्हाळ्यात गावाच्या खालच्या अंगाला, दलित वस्तीत, मावशीच्या वयाच्या आणखी एका मुलीला जट आली होती. आमची जमीन होती, बैलजोडी होती, पाच घरे सोयरी होती. आजीने कातर चालवली तर गाव कुजबुजले आणि विसरले. त्या मुलीची आई तंबाखूच्या वखारीत रोजंदारीवर होती. तिने कातर हातात घेतली असती तर वस्तीला पाणी मिळाले नसते. पौर्णिमेला त्या मुलीला सौंदत्तीला नेले आणि गळ्यात माळ घातली. देवी कुणाला बोलावते आणि कुणाला सोडून देते, यात देवीचा हात कितपत होता हे यावरून समजावे. सोडलेल्या मुली बहुतेक अशाच घरांतल्या असत. त्यांच्यापैकी कितीतरी पुढे शहरांतल्या वेश्यावस्तीत जाऊन पोचल्या.

हे थांबवायला माणसे पुढे आली, हेही सांगायला हवे. निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी विडी कामगार स्त्रियांची आणि देवदासींची संघटना बांधली. कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा देवदासी प्रतिबंधक कायदा केला, महाराष्ट्राचा नवा कायदा आणखी वीसेक वर्षांनी आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभारलेल्या समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांच्या जटा कापत राहिले, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला त्यानंतरही. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ लिहिल्या, आणि त्यांच्या आधाराने २००९ मध्ये राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ आला. आपणही घाटाखाली बसून नाके मुरडू नयेत. आपल्या देवळांतल्या भाविणी आणि कलावंतिणी कुठल्या गोष्टीतून आल्या होत्या ते राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्या ‘मी कोण?’ या आत्मचरित्रात वाचावे. परशुरामाचे देऊळ असलेले तेच पैंगीण त्यांच्या आडनावात आहे.

गेल्या दिवाळीनंतर चोर्ल्याच्या वाटेने बेळगावला गेलो तेव्हा तसाच पुढे निपाणीला मावशीकडे गेलो. मोबाइलवर तिला ‘अमृतमंथन’ लावून दिला. चष्मा पुसून तिने अर्धा-पाऊण तास पाहिला. राजगुरूच्या डोळ्यापाशी म्हणाली, ‘तुझ्या आज्याला हे बरं जमत हुतं.’ मग मी त्या दुसऱ्या मुलीचे विचारले. एवढ्या वर्षांत घरात कुणीच तिचे नाव काढले नव्हते. मावशी बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिली. सिनेमा चालूच होता.

‘आम्ही एका वर्गात हुतो,’ ती म्हणाली. ‘तिचं केस माझ्यापेक्षा लांब हुतं.’